ऐकणारं कोणी नाही, तरी पोर्ट अडलेलं: पिंपळगावच्या पॅकहाउसमधलं एक प्रकरण

फेब्रुवारीतली सकाळ, पावणेसातची वेळ. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमधून सुपरवायझर ताईंचा फोन आला.

"दादा, परत तेच झालंय. काटे चालू आहेत, वजनाचे आकडे दिसतायत, पण कॉम्प्युटरवर काहीच येत नाही. बंद करून चालू करू का?"

"ताई, आज बंद करू नका. कशालाच हात लावू नका. मी निघालोच."

त्या हंगामात हे तीनदा झालं होतं आणि तिन्ही वेळा सर्व्हर रीबूट करून काम पुढे ढकललं होतं. रीबूट केलं की सगळं सुरळीत व्हायचं, आणि नेमकं त्यामुळेच कारण हाती लागत नव्हतं. मशीन बंद झालं की ज्यानं पोर्ट, म्हणजे नेटवर्कच्या कनेक्शनसाठीचा नंबर दिलेला दरवाजा, अडवलंय त्याचा पुरावाही पुसला जातो. नाशिकहून पिंपळगाव तीसेक किलोमीटर. मुंबई-आग्रा रस्त्यानं सकाळी लवकर निघालं तर पाऊण तासात पोचता येतं. आमच्या ऑफिसमधल्या धाकट्या सहकाऱ्याला वाटेत घेतलं, कारण आधीच्या तिन्ही वेळा घरून जोडून घेऊन तपास त्यानंच केला होता.

काय अडलं होतं ते आधी सांगतो. पॅकहाउसमध्ये बारा इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. प्रत्येक काट्याला एक छोटा डबा जोडलाय. काट्याच्या सीरियल तारेवरून येणारं वजन तो नेटवर्कवर टाकतो आणि सर्व्हरच्या ४५००० नंबरच्या पोर्टवर पाठवतो. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात ठेवलेलं एक डेबियनचं (लिनक्सचाच एक प्रकार) मशीन. त्यावरची वजनाची सर्व्हिस, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम, बारकोडवरून प्लॉटचा नंबर घेते, वजन जोडते आणि पेटीवर लावायचं लेबल छापते. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाला अपेडा या सरकारी शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर नोंदलेल्या प्लॉटपर्यंत माग काढता यावा लागतो. वजनं वहीत लिहायची वेळ आली आणि घाईत एका प्लॉटची पेटी दुसऱ्याच्या नावावर गेली, की त्या शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत धोक्यात येते. मला या प्रकरणाची काळजी वाटत होती ती यासाठी. पहाटे खुडलेला माल आठच्या सुमारास गाड्या भरून येतो. तोवर सर्व्हिस चालू हवी होती.

सर्व्हिस रात्री अकराला बंद होते आणि पहाटे साडेपाचला टायमरवर पुन्हा सुरू होते. त्या सकाळी ती सुरूच झाली नव्हती. लॉगमध्ये ओळखीची ओळ होती: ॲड्रेस ऑलरेडी इन यूज. लिनक्सवर ही ९८ नंबरची एरर, मॅकवर ४८ नंबरची. अर्थ एकच, हे पोर्ट आधीच कोणीतरी घेतलेलं आहे.

गाडीत सहकाऱ्यानं आधीच्या वेळी केलेला तपास सांगितला. त्यानं ही कमांड दिली होती:

एसएस -टीएलएनपी

टी म्हणजे टीसीपी, एल म्हणजे फक्त ऐकत बसलेली, म्हणजे नव्या कनेक्शनची वाट पाहणारी, सॉकेटं (कनेक्शनची आपल्याकडची टोकं), एन म्हणजे नावांऐवजी आकडे दाखव, पी म्हणजे प्रोसेस दाखव. ४५००० ची ओळच आली नाही. मग उघड्या फाइली आणि सॉकेटं दाखवणाऱ्या एलएसओएफला पोर्ट नंबर देऊन, स्टेट लिसन असलेलेच दाखव असं सांगून पाहिलं. तिथेही काही नाही. टाइम-वेटची, म्हणजे बंद झालेलं कनेक्शन पोर्ट थोडा वेळ धरून ठेवतं त्या अवस्थेची, शंका म्हणून दहा मिनिटं थांबला. लिनक्सवर टाइम-वेट ६० सेकंदांचा असतो, तेव्हा दहा मिनिटांत तो सुटायलाच हवा होता. सर्व्हिस पुन्हा चालू केली तर तीच एरर.

"दादा, कोणीच ऐकत नाहीये, मग अडवतंय कोण?"

प्रश्न अगदी बरोबर होता. फक्त त्याच्या दोन्ही कमांडी एकच गोष्ट विचारत होत्या, ऐकतंय कोण? आम्हाला जाणून घ्यायचं होतं ते वेगळं, हे पोर्ट आत्ता कोणाच्या हातात आहे? बोलताना दोन्ही एकच वाटतात. एरवी उत्तरही एकच येतं, म्हणून हा फरक लक्षात येत नाही.

सात चाळीसला पोचलो. ताईंनी खरोखरच कशालाही हात लावलेला नव्हता, वही-पेन मात्र तयार ठेवलं होतं. मी सहकाऱ्याला म्हटलं, तीच कमांड दे, एल काढून ए घाल. ए म्हणजे सगळ्या अवस्थांमधली सॉकेटं.

एसएस -टीएएनपी 'स्पोर्ट = :४५०००'

स्पोर्ट म्हणजे आपल्या बाजूचं पोर्ट. लगेच एक ओळ आली. अवस्था एस्टॅब, म्हणजे जोडलेलं कनेक्शन. आपला पत्ता १९२.१६८.१.१०, पोर्ट ४५०००. समोर बाहेरचा कुठलासा सर्व्हर, पोर्ट ४४३. पाठवायच्या रांगेत शून्य, घ्यायच्या रांगेत शून्य. प्रोसेसचा रकाना रिकामा.

तो रिकामा रकाना पाहून सहकारी पुन्हा गोंधळला. तो साध्या यूझरनं लॉगिन झाला होता. दुसऱ्या यूझरच्या प्रोसेसच्या उघड्या फाइली पाहायची परवानगी साध्या यूझरला नसते, म्हणून एसएस तिथे गप्प बसतं. नेटस्टॅट अशा जागी नुसती आडवी रेघ दाखवतं, एलएसओएफ तर ती ओळच दाखवत नाही. तिन्हींचं कारण हेच. 'प्रोसेस दिसत नाही' आणि 'प्रोसेस नाही' यांत घोटाळा होतो तो इथे. सुडो लावून, म्हणजे मुख्य यूझर रूटच्या परवानगीनं, तीच कमांड दिली आणि नाव आलं: फोटो अपलोडर, प्रोसेस नंबर १८४२.

हा अपलोडर म्हणजे ग्रेडिंग टेबलावरच्या कॅमेऱ्यांनी दिवसभर काढलेले मण्यांचे फोटो रात्री बाहेरच्या सर्व्हरवर चढवणारा प्रोग्राम. तो कुठल्याही पोर्टवर ऐकत नाही, फक्त बाहेर जोडला जातो. त्याच्या सेटिंगमध्ये ४५००० हा आकडा कुठेच नाही. तरी तो आकडा त्याच्याच हातात होता.

आठ वाजायला आले होते, पण इथे पाच मिनिटं मी मुद्दाम घेतली, कारण सहकाऱ्यानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं होतं. कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, 'अमुक पोर्ट अमुक प्रोसेसचं' अशी कुठलीही वही नसते. पोर्ट असतं सॉकेटचं. सॉकेटला एक आयनोड नंबर असतो, आणि प्रोसेसकडे असतात उघड्या फाइलींचे नंबर, त्यातला एखादा त्या सॉकेटकडे बोट दाखवतो. एसएस, एलएसओएफ, फ्यूझर, नेटस्टॅट, सगळे शेवटी हाच धागा उलटा चालत जातात. हातानंही जाता येतं.

/प्रॉक/नेट/टीसीपी ही फाइल उघडली. त्यात आकडे सोळाच्या पायात असतात. ४५००० चं होतं एएफसी८. तो शोधला तर ही जोडी सापडली:

०ए०१ए८सी०:एएफसी८

डावीकडचा पत्ता या मशीनवर उलट्या क्रमानं लिहिलेला असतो. शेवटून दोन-दोन अक्षरं घेत आलं की सी० म्हणजे १९२, ए८ म्हणजे १६८, ०१ म्हणजे १, ०ए म्हणजे १०. आमच्याच सर्व्हरचा पत्ता. पुढे अवस्थेच्या रकान्यात ०१ होतं, म्हणजे जोडलेलं. ऐकत बसलेलं सॉकेट असतं तर तिथे ०ए दिसलं असतं. आणखी उजवीकडे आयनोड नंबर. मग सुडोनं /प्रॉक/१८४२/एफडी या फोल्डरची यादी काढली, तर त्यात तोच नंबर कंसात घेऊन 'सॉकेट' असं लिहिलेली एक ओळ होती. धागा पुरा झाला.

पण त्या यादीत आणखी काहीतरी होतं. स्क्रीन थांबेचना. सॉकेटच्या ओळी मोजल्या तर ८७०. रात्री अकराला सुरू होऊन चांगल्या रात्री तीनपर्यंत काम संपवून बंद होणारा हा प्रोग्राम सकाळी आठलाही जिवंत होता आणि ८७० कनेक्शनं उघडी धरून बसला होता.

ताईंना विचारलं, "रात्री नेट कसं होतं?"

"नेटचं काय विचारता दादा, जानेवारीपासून रात्रीची रेंज येते-जाते. वॉचमनकाका म्हणतात मोबाइललाही दांड्या नसतात."

तिथेच सगळं जुळलं. पॅकहाउसचं नेट मोबाइल राउटरवर आहे. अपलोडर फोटो पूर्ण पाठवतो आणि 'मिळाला' या उत्तराची वाट पाहतो. तेवढ्यात रेंज गेली की समोरच्याचं उत्तर वाटेतच हरवतं. आपल्या बाजूला पाठवायचं काही शिल्लक नाही, त्यामुळे टीसीपीला काही पुन्हा पाठवून पाहायचं कारणही नाही. पाठवायचं काही उरलं असतं तर लिनक्सनं नेहमीच्या सेटिंगप्रमाणे पंधराएक मिनिटं प्रयत्न करून कनेक्शन सोडून दिलं असतं. इथे प्रोग्राममध्ये टाइमआउट नव्हता, कीप-अलाइव्हही (समोरचा आहे का हे अधूनमधून तपासणं) चालू केलेलं नव्हतं. असं कनेक्शन कितीही वेळ, अगदी दिवसच्या दिवस, 'जोडलेलं' दिसत राहतं. प्रोग्राम पुढच्या फोटोसाठी नवं कनेक्शन उघडतो, आणि जुनं तसंच लटकतं.

आता ४५००० च का? बाहेर जोडणाऱ्या प्रत्येक कनेक्शनलाही आपल्या बाजूला एक पोर्ट लागतं, आणि ते कर्नल स्वतः निवडून देतो. लिनक्समध्ये ही निवड ३२७६८ ते ६०९९९ या पट्ट्यातून होते. वजनाची सर्व्हिस लिहिणाऱ्यानं ४५००० का घेतलं असेल, याचा मला अंदाज आहे. पोर्ट नंबर ठरवणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या वाटपात असं तात्पुरतं वापरायचं पोर्ट ४९१५२ च्या पुढे सुरू होतं, मॅकवरही पट्टा तिथूनच आहे. त्या हिशोबानं ४५००० सुरक्षित वाटतं. लिनक्सचा पट्टा त्याच्या बराच अलीकडे सुरू होतो.

आणखी एक बारकावा मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. लिनक्स बाहेरच्या कनेक्शनांना आधी सम नंबरची पोर्टं देतो. ज्या प्रोग्रामांना 'कुठलंही चालेल' असं पोर्ट बाइंड करून, म्हणजे आधीच स्वतःच्या नावावर धरून, हवं असतं त्यांच्यासाठी विषम ठेवतो. पट्ट्यात एकूण २८२३२ पोर्टं, त्यातली सम १४११६. त्यातली ८७० लटकलेली. म्हणजे रेंज वाईट असलेल्या साधारण सोळा रात्रींत एकदा ४५००० त्यांच्यात सापडणार. जानेवारीपासून पन्नासेक रात्री झाल्या होत्या आणि बहुतेक रात्री रेंजची हीच गत. चार वेळा हे घडणं अगदी हिशोबात बसतं. ४५००१ घेतलं असतं तर कदाचित हा हंगाम बिनबोभाट गेला असता, आणि दोष तसाच आत राहिला असता.

दिवसा हे कधीच होत नव्हतं, कारण सर्व्हिस पोर्ट धरून असताना कर्नल ते दुसऱ्या कनेक्शनला देत नाही. फक्त रात्री अकरा ते पहाटे साडेपाच ही खिडकी उघडी होती, आणि अपलोडर नेमका त्याच वेळात चालतो. रीबूटनं सगळं सुटायचं तेही उघड झालं. रीबूटनंतर अपलोडर रात्री अकरापर्यंत सुरूच होत नसे.

आठला पाच कमी. अपलोडर बंद केला. राहिलेले फोटो त्याच्या रांगेत असतात, पुढच्या रात्री जातात, त्यामुळे ते नुकसान नव्हतं. सर्व्हिस चालू केली. पुन्हा तीच एरर.

सहकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, परत बघ. सुडो लावून तीच कमांड. या वेळी ओळ होती, पण अवस्था फिन-वेट-१, आणि प्रोसेसचा रकाना सुडो लावूनही रिकामा. आधीचा रिकामा रकाना परवानगीचा होता, हा खरोखरच रिकामा होता. प्रोग्राम मेला तेव्हा कर्नलनं त्याच्या वतीनं समोरच्याला 'मी बंद करतोय' असा निरोप पाठवला. वाटच तुटलेली, म्हणून पोच येत नव्हती. सॉकेट आता पोरकं होतं, कुठल्याही प्रोसेसचं नाही, पण पोर्ट त्याच्याकडेच. कमांडला ओ जोडून टायमर पाहिला तर पुन्हा पाठवण्याची मुदत दर वेळी दुप्पट होत होती. कर्नल असे आठ प्रयत्न करून सोडून देतो. आम्ही तिघं पडद्याकडे पाहत उभे राहिलो. दोन-अडीच मिनिटांत ओळ गेली. सर्व्हिस चालू केली, बाराही काटे एकेक करून जोडले गेले. आठ वाजून सात मिनिटांनी पहिली पिकअप फाटकातून आत आली.

पोर्टला मालक दिसत नाही याची आणखीही कारणं असतात, आणि ती मी त्याच दिवशी सहकाऱ्याला सांगून ठेवली. एनएफएससारख्या (नेटवर्कवरून फाइली वाटणं) काही गोष्टी कर्नल स्वतः चालवतो, तिथे प्रोसेस नसतेच. कंटेनरचं, म्हणजे वेगळ्या कप्प्यात चालवलेल्या प्रोग्रामचं, नेटवर्क वेगळ्या नेमस्पेसमध्ये असतं, त्यामुळे आतली सॉकेटं बाहेरून एसएसला दिसत नाहीत. सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीनं सॉकेट आधीच उघडून ठेवलं असेल तर मालक म्हणून १ नंबरची प्रोसेस दिसते. आणि मूळ प्रोग्राम मेला, पण त्यानं जन्माला घातलेली एखादी पोर प्रोसेस तेच सॉकेट वारशानं घेऊन जिवंत राहिली, तर नाव भलतंच येतं, एखाद्या साध्या शेल स्क्रिप्टचं. फ्रीबीएसडीवर सॉकस्टॅट आहे, सोलारिसवर पीफाइल्स, मॅकवर एलएसओएफच वापरावं. मात्र फ्यूझरला के देऊन 'पोर्टवर जो असेल त्याला मार' हे मी कोणाला सुचवत नाही. या प्रकरणात त्यानं अपलोडर मेला असता, पोर्ट दोन मिनिटं तरीही अडलेलं राहिलं असतं, आणि कारण कळलंच नसतं.

दुपारी, ग्रेडिंगच्या मावश्या जेवायला बसल्यावर, पक्की दुरुस्ती केली. सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या, फाइलमध्ये एक ओळ घातली:

नेट.आयपीव्ही४.आयपी_लोकल_रिझर्व्ह्ड_पोर्ट्स = ४५०००

आता कर्नल हे पोर्ट आपणहून कोणाला देणार नाही. एखाद्या प्रोग्रामनं नाव घेऊन मागितलं तर मिळेल, म्हणजे आमच्या सर्व्हिसला काही अडचण नाही. आधीपासून लटकलेल्या कनेक्शनला मात्र ही ओळ हुसकावत नाही, म्हणून ती अपलोडर बंद असताना घातली. अपलोडर बनवणाऱ्यांना सगळा तपशील कळवून टाइमआउट घालायला सांगितलं. ते येईपर्यंत त्याला सहा तासांच्या टाइमआउट कमांडखाली चालवलं, म्हणजे काहीही झालं तरी पहाटे पाचला बंद, आणि साडेपाचपर्यंत पोरकी सॉकेटं विरून जायला अर्धा तास.

सर्व्हिसमध्येही एक त्रुटी होती. सिस्टमडीला 'पडलीस तर पुन्हा उठ' असं सांगितलेलं होतं, पण दोन प्रयत्नांमधलं अंतर दिलेलं नव्हतं. तसं असलं की सिस्टमडी सेकंदाच्या आत पाच प्रयत्न संपवतो आणि कायमचा थांबतो. अंतर तीस सेकंद केलं. शिवाय सर्व्हिस सुरू व्हायला नकार देईल तेव्हा एसएसचं सगळ्या अवस्थांचं, रूटच्या परवानगीनं काढलेलं आउटपुट वेळेसह एका फाइलमध्ये जमा होईल अशी सोय केली. कोणी घाईत रीबूट केलंच तरी त्या क्षणी पोर्ट कोणाकडे होतं हे लिहिलेलं राहील.

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ताईंचा सकाळचा फोन आला नाही. एप्रिलअखेर काट्यांना धूळ बसायला लागल्यावर आम्ही दोघं लॅपटॉप आणि सीरियल केबल घेऊन पुन्हा गेलो आणि एकेका डब्याचं पोर्ट बदलून ७४५० केलं, लिनक्सच्या पट्ट्याच्या खूप खाली. अकरा डबे झाले. नऊ नंबरच्या काट्याचा डबा नवं सेटिंग जपूनच ठेवत नाही, वीज गेली की परत ४५००० वर जातो. नवा डबा येईपर्यंत सर्व्हिस दोन्ही पोर्टांवर ऐकते, आणि सिसकंट्रोलमधली ती ओळ आम्ही काढलेली नाही.